दत्तूचा ताल

एका बँडच्या कार्यक्रमात मी दुसऱ्याच बँडचा टी-शर्ट घालून ड्रमवर बसलो होतो, हे मी सगळ्यांना हसत हसत सांगतो. त्याच संध्याकाळी पुढे काय झालं, ते मात्र बायकोखेरीज कुणाला सांगितलेलं नाही — आणि तिलाही फार उशिरा.

मुळशीत तेव्हा गिटारवाले पैशाला पासरी. ड्रमर मात्र — मीच! लवळ्याच्या हॉस्टेलांतून बँड उगवायचे आणि जो उगवेल त्यात मी. एकच रॉक गाणं तीन बँडांत वाजवायचो, प्रत्येकाचा वेग निराळा. सुरुवातीला काठीवर काठी चारदा वाजवून तो वेग द्यायचा, हे ड्रमरचं काम.

तो कार्यक्रम म्हणजे बँडांची स्पर्धा होती आणि मी वेग दिला तो दुसऱ्या बँडचा. टी-शर्टबरोबर डोकंही तिकडचंच! गाणं उधळलं. गायक, गिटारवाला माझ्या वेगामागे धावले. एकटा दत्तू — पिरंगुटच्या कारखान्यात पाळी करून यायचा, बेस गिटार वाजवायचा — आम्ही बसवलेला वेग धरून राहिला. बरोबर तोच होता. पण तिघं एकीकडे आणि एक दुसरीकडे असला, की चुकलेला कोण वाटतो?

स्टेजमागे गायक त्याच्यावर ओरडला, "तुला तालच नाही रे! उद्यापासून येऊ नकोस."

दत्तू माझ्याकडे वळला. "तुमी सांगा की, दादा. माझंच चुकलं व्हय?"

तालाचा निवाडा ड्रमरनं करायचा असतो. मी — कसं सांगू — मान खाली घालून ड्रमचे स्क्रू सोडवत राहिलो आणि म्हणालो, "जरा मागं पडलास, दत्तू."

भीती तरी कसली होती? मला कोण काढणार होतं? दुसरा ड्रमर होता कुठे?

त्यानं ऐकलं. माझ्यावर विश्वास होता ना त्याचा! मी पुढं कितीतरी बँडांत वाजवलं. त्यानं गिटारला पुन्हा हात लावला नाही.

दोन हजार दहाच्या गणपतीत तो नेहमीसारखा आमच्याकडे आरतीला आला. सगळे टाळ्या वाजवत होते, हा नुसता हात जोडून. बायकोनं झांज पुढे केली, तर हसून म्हणाला, "नको वैनी, मला ताल न्हाई. दादांना ठावं हाय."

तो गेल्यावर मी बायकोला सगळं सांगून टाकलं. ती प्रसादाची ताटं उचलत होती, ती तशीच हातात धरून उभी राहिली.

"दरवर्षी मी त्याला झांज देते," ती म्हणाली, "आणि दरवर्षी तो हेच म्हणतो. तुम्ही शेजारीच उभे असता."