वीतभर भात

आमच्या रिहे गावातल्या शाळेच्या बाईंचा निरोप आला : उद्या येऊन मुलांना सांगा, मोठा देश शेजारच्या लहान देशात सैन्य का धाडतो. टीव्हीवर कुठली ना कुठली लढाई चालूच असते, मुलं विचारतात, आणि सैन्याबरोबर परमुलखात जाऊन आलेला गावात मी एकटाच. एरवी मी भुकूमच्या एका सोसायटीच्या गेटवर खुर्ची उबवतो. असं बोलावणं आलं की आपसूक छाती फुगते. मी दोन दिवसांची सुट्टी टाकली.

भाताची लावणी चालू होती. बायको चिखलात वाकलेली आणि मी गुडघ्याचं निमित्त काढून बांधावर भाषण पाठ करत बसलेला. आम्हाला श्रीलंकेत का धाडलं याची चार कारणं मी वहीत लिहून काढली होती. तिथल्या तमिळ लोकांचे हाल होत होते. तिथून निर्वासितांच्या होड्या आपल्या किनाऱ्याला लागत होत्या, त्यामुळे आपल्याकडची तमिळ माणसं खवळली होती. तिथल्या सरकारशी करार झाला होता, म्हणजे बोलावणं होतं. चौथं कारण आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही, मी मागाहून पेपरात वाचलं : त्या बेटावरच्या बंदरात दुसऱ्या बड्या देशानं पाय रोवू नये. वहीत न लिहिलेलं पाचवंही होतं, थोरलेपणाचा तोरा. भावकीत धाकट्याच्या घरी भांडण लागलं की थोरला मिटवायला जातो, आणि त्याचा एक डोळा धाकट्याच्या आंब्यावर असतो. हे मला पुरतं ठाऊक होतं, पण शाळेत कसं बोलायचं?

बायकोनं मान वर केली. "आन तितली मान्सं काय म्हनत व्हती?"

"पहिल्यांदा शहाळी दिली. मंग दारं लावून घ्याया लागली."

"का?"

मग मी तिला सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे कधी बोललो नव्हतो. आम्ही गेलो होतो तंटा मिटवायला, आणि ज्या तमिळ बंडखोरांना हत्यारं खाली ठेवायला लावायची होती त्यांच्याशीच आमची जुंपली. रस्त्यात सुरुंग असेल म्हणून एकदा ट्रक शेतातून घालायचा हुकूम झाला. ट्रक मी चालवत होतो. वीतभर वाढलेलं भात होतं. आमच्याकडे रोपात शिरताना पायातली चप्पल काढतात आणि मी त्यावरून चाकं नेली. पलीकडे जाऊन आम्ही वायरलेसची वाट बघत थांबलो. तेवढ्यात एक म्हातारा आला. ओरडला नाही, आमच्याकडे बघितलंही नाही. वाकून आडवी झालेली रोपं एकेक करून उभी करायला लागला.

बायको हातात रोपाची जुडी धरून ऐकत होती. "मंग तुमी हात लावला का न्हाई?"

"हुकूम न्हवता."

"रोप लावाया कुनाचा हुकूम लागतुया?" एवढं म्हणून ती पुन्हा वाकली.

रात्री ठरवलं की उद्या म्हाताऱ्याचं सांगायचं. शाळेत मी फळ्यावर चार कारणं लिहिली, मुलांनी ती उतरवून घेतली. "आणि तिथं एक म्हातारा..." इथपर्यंत आलो. सगळी पोरं शेतकऱ्यांची, लावणीसाठी घरी राहून नुकतीच शाळेत आलेली, काहींच्या नखांत अजून चिखल होता. यांना काय सांगू? मी शब्द गिळला आणि म्हणालो, "एका म्हाताऱ्यानं आम्हाला शहाळी दिली." टाळ्या पडल्या. बाईंनी नारळ आणि शाल दिली.

मी नारळ घेऊन बांधावर आलो. बायकोनं नारळाकडे बघितलं आणि रोपाची दुसरी जुडी सोडली. तिनं काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरलो. साठी उलटली तरी बोटं लावणी विसरली नव्हती. त्या दिवशी तर मी पंचविशीतला होतो. ट्रक अर्धा तास उभा होता. रायफल खांद्याला अडकवलेली होती आणि माझे दोन्ही हात मोकळे होते.