आईचा अबोला

मी अमरावतीच्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. दिवसभर मोठ्यानं बोलते, शेवटच्या बाकापर्यंत आवाज जातो. पण स्वतःबद्दल काही सांगायची वेळ आली की घसा आवळतो. हे असं कशामुळे होतं, ते मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं, आणि तेही पोटदुखीमुळे.

पोट बरेच दिवस दुखत होतं. कुणाला सांगितलं नाही. सांगायला घरी कुणी नव्हतंही, लग्न मोडून कितीतरी वर्षं झाली होती. नवरा वाईट माणूस नव्हता. वेगळं होताना तो एवढंच म्हणाला, "तुला काय हवंय ते तू मला एकदाही सांगितलं नाहीस." तेव्हाही मी नुसती कागदांवर सही केली. आणि मग एका दुपारी फळ्यावर गणित सोडवता सोडवता मी खाली कोसळले. विद्यार्थ्यांनीच ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. पित्ताशय पार सडत आलं होतं. ऑपरेशननंतर डॉक्टर चिडून म्हणाले, "एवढं दुखून राहिलं होतं तर बोलल्या काहून नाही मॅडम?" मी म्हटलं, "सॉरी." ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "टाके सुकले की एका बाईंना भेटून या."

त्या बाई समुपदेशक होत्या, माझ्याहून वयानं लहान. राजापेठेत एका मेडिकल स्टोअरच्या वर त्यांची खोली. पहिल्या काही भेटींत मी "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणत राहिले. खालच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकत आम्ही दोघी बसायचो. त्यांनी घाई केली नाही. एकदा त्यांनी विचारलं, "लहानपणी खरं बोलल्याबद्दल कधी शिक्षा झाली होती का?"

मी "नाही" म्हणाले. पण त्या रात्री लहानपणचं घर डोळ्यांसमोर आलं.

आम्ही अकोल्याला राहायचो. बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेले पंप-पंखे दुरुस्त करायचं दुकान होतं. बाबा आईला मारायचे. रोज नाही, पण कधी मारतील याचा नेम नसायचा. मी आठ-नऊ वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत अंजनगावहून मामा आला. आईच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. मामानं विचारलं, "काय झालं व हाताले?" आई म्हणाली, "मोरीत पाय घसरला." मी तिथंच आंबा चोखत बसले होते. मी म्हटलं, "नाही मामा, बाबानं पाट मारला."

मामा दारातच बसून राहिला. बाबा दुकानातून जेवायला आले तेव्हा त्यानं त्यांची गचांडी धरली. भांडण झालं, गल्ली गोळा झाली. शेवटी आई दारात उभी राहून मामाला म्हणाली, "दादा, तू जाय. माह्या घरात पडू नको." मामा पिशवी उचलून निघून गेला. पुन्हा आमच्याकडे कधीच आला नाही.

त्या दिवसापासून आई माझ्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, वेणी घालायची, तापात कपाळावर पट्ट्याही ठेवल्या, पण शब्द नाही. काही सांगायचं असलं तर धाकट्या बहिणीला सांगायची, "तिले म्हना, न्हाऊन घे." मी शेजारीच उभी असायची. मी पाणी भरलं, गहू निवडले, बाबांची ताटं घासली. वाटायचं, आता बोलेल. शाळा उघडली त्या सकाळी ती म्हणाली, "डबा घेतला का?" जणू मधे काही झालंच नव्हतं. मी मात्र तोवर शिकले होते. आपण तोंड उघडलं की माणसं निघून जातात.

हे सगळं बाईंना सांगायला मला कित्येक महिने लागले. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "त्या पोरीनं आईला वाचवायचा प्रयत्न केला होता." मला हे कधी सुचलंच नव्हतं. त्या दिवशी मी त्यांच्या खोलीतून उतरले आणि मेडिकलच्या पायरीवर बसून राहिले. लोक औषधं घेऊन माझ्या बाजूनं जात होते.

मग बाईंनी मला सोपी कामं दिली. आपल्याला वाटतंय ते रोज कुणाला तरी बोलून दाखवायचं, अगदी क्षुल्लक असलं तरी चालेल. क्लासखालच्या चहावाल्याला मी म्हटलं, "भाऊ, साखर जास्त झाली." म्हणताना मी ग्लासकडेच बघत होते. तो म्हणाला, "थांबा मॅडम, दुसरा देतो." बस, इतकंच झालं. पुढं मी क्लासच्या मालकांना रविवारची जादा बॅच नको म्हणून सांगितलं. ते नाराज झाले, दोन दिवस फटकून वागले. ते दोन दिवस मला झोप नव्हती. पण नोकरी राहिली.

थंडीत मी अकोल्याला गेले. बाबा जाऊन काही वर्षं झाली होती, आई एकटीच राहायची. ती ओसरीत उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मीही बसले. मूठभर शेंगा सोलून झाल्यावर म्हटलं, "आई, मामा भांडून गेला त्या उन्हाळ्यात तू माह्याशी बोलत नोतीस."

"कोन, मी?"

"शाळा उघडेपर्यंत."

"काहीतरीच. लेकराशी कोनी बोलत नाही का?" तिनं खरंच आठवून पाहिलं. चेहऱ्यावर ढोंग नव्हतं. "मले मामाचं आठवते. त्याले म्याच जाय म्हटलं. किती दिवस त्याची वाट पाह्यली म्या. तुह्याशी नाही बोलली… मले नाही आठवत बाई."

"मी खोटं नव्हते बोलले, आई."

"खोटं कोन म्हनते? खरंच होतं ते." आणि तिनं सोललेले दाणे माझ्या ओंजळीत टाकले. "खाय. कवळे हायेत."

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत मी रडत होते. शेजारची बाई खिडकीकडे तोंड करून झोपली होती. जे माझ्या सगळ्या आयुष्यावर पसरलं, ते आईला आठवतही नव्हतं. राग करावा तर कुणाचा? ती स्वतःच्याच दुखण्यात बुडालेली होती, आणि त्यात मी तिला दिसलेच नाही.

बाईंनी विचारलं, "तुम्हाला तिच्याकडून काय ऐकायचं होतं?" मी म्हटलं, "ऐकायचं होतं ते अर्धं मिळालं. उरलेलं मिळणार नाही." हे बोलताना घसा आवळला नाही.

गेल्या महिन्यात ताप आला तेव्हा मी तिवशाला राहणाऱ्या बहिणीला फोन केला आणि म्हटलं, "मले बरं नाही. तू ये." आजवर मी तिला असं कधीच बोलावलं नव्हतं. ती दुपारच्या बसनं आली. खिचडी टाकली, माझ्याजवळ बसली. मी तिला त्या उन्हाळ्याचं विचारलं. ती चमकून म्हणाली, "मले वाटे, तूच आईवर रुसून हायेस. मी तं निरोप पोचवू पोचवू थकून गेलती व."

आम्ही दोघी हसलो, मग ती रडली. एवढुशा घरात एकाच उन्हाळ्यात आम्ही तिघी तीन वेगळ्या ठिकाणी होतो.

संध्याकाळच्या बसनं ती परत गेली, तिला घरी स्वयंपाक होता. मी दाराशी उभी राहून तिला कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहिलं. मग आत येऊन खिचडी गरम केली आणि रेडिओ लावून एकटीच जेवले.