खंडोबाच्या पाठीमागचा माणूस

सासूबाईंचा नियम साधा होता. देव झिजले की नवे आणायचे आणि जुने प्रवरेत सोडायचे. त्या वर्षी चंपाषष्ठीच्या आधी नेवाशाच्या सोनाराकडून चांदीचे नवे टाक आले. जुन्या देवांना शेवटचं स्नान घालायचं काम माझ्याकडे आलं. नदीवर न्यायला नवरा अंगणात मोटारसायकल सुरू करून उभा, आणि मी नेहमीसारखी घाईत.

जुना खंडोबा पितळेचा, असंच आम्ही सगळे समजत होतो. तांब्याच्या पत्र्यावर लाखेनं बसवलेला, हळदीनं माखलेला, घोडा आणि स्वार जेमतेम कळावेत इतका गुळगुळीत. मी त्याच्यावर कढत पाणी ओतलं. लाख सुटली आणि देव माझ्या तळहातावर पालथा पडला.

त्याची पाठ आजवर कुणी पाहिलीच नव्हती. तिथे एक माणूस होता, अगदी कोरा करकरीत. सरळ नाक, दाढीमिशी नाही, केसांत पानांचा मुकुट, कडेनं इंग्रजीसारखी अक्षरं. आणि सोनं, पिवळंधमक सोनं. मी किंचाळलेच. शाळेत इतिहास शिकवते मी. आपल्या या नेवाशापर्यंत रोमचा माल यायचा, हे पोरांना घसा फोडून सांगत आले होते, आणि रोमचा बादशहा आमच्याच देवघरात बसून दर चंपाषष्ठीला नैवेद्याचं वांग्याचं भरीत खात होता!

सासूबाईंना मी एका दमात सगळं सांगितलं. हे नाणं आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं, राजा त्यांचा, घोडेस्वारही त्यांचाच. नवऱ्यानं गाडी बंद केली. सासूबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"आसंल सोन्याचा. पर आमी त्याला देव म्हनून पुजलाय. झिजल्याला देव घरात ठेवायचा न्हाई."

"आई, नदीत गेला तर असा पुन्हा मिळायचा नाही हो."

त्यांनी नुसता हात पुढे केला. मला संताप आला आणि रडूही आलं, पण देव दिला. झिजलेल्या घोड्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, मग उलटून त्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"ह्यो हितवर आला कसा म्हनं?"

"जहाजातून. समुद्रावरून."

"येवढ्या पान्यातून?"

"हो."

त्यांनी हळदीचं बोट राजाच्या कपाळाला टेकवलं आणि त्याला नव्या टाकांशेजारी ठेवलं.

"मंग परत पान्यात न्हाई लोटायचा त्याला," त्या म्हणाल्या. "लई लांबून आलाय. बसू दे घरात."