डोळ्यांनी ऐकणारे साडूभाऊ

जगात डोळ्यांनी ऐकणारा माणूस एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा! साडूभाऊ सेलूच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले. कान दिवसेंदिवस चाललेत, पण मशीन लावायचं नाव काढू देत नाहीत. "त्यात नुसता गलका येतो. माझा मोबाईल बरा." त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या अक्कांना, धास्ती एकच: "उद्या मी हाक मारल्याली बी कळायची न्हाई यांना."

मोबाईलवर आवाजाचं चित्र सरकत असतं. जाड आवाजाची रेघ खाली, बारीक आवाजाची वर. देवगाव फाट्यावर आपण एसटीची वाट बघतो ती रस्त्याकडे तोंड करून, हे मोबाईलकडे. "बघा, गिअर बदलायलाय. पडली की न्हाई रेघ खाली?" तोवर एसटी पुढं, आणि आम्ही जीपमध्ये कोंबून पाथरीला. वालूरच्या लग्नात तर कहरच केला. अक्षता मुठीत घेऊन सगळे ताटकळलेले, आणि हे अंतरपाटाशी मोबाईल धरून ओरडले, "गुरुजी, पहिल्या 'सावधान'पेक्षा हा लय वर चढलाय!" त्यांना वाटलं, आपण कुजबुजलो. गुरुजींचा पुढचा श्लोक असा काही खाली उतरला, की नवरीलाच हसू आवरेना.

लाडका विषय म्हणजे खिडकी. आवाजाचे तुकडे पाडून बघायचे, त्या तुकड्याची लांबी म्हणजे खिडकी. "लहान ठेवली तर कधी वाजलं ते कळतं, सूर मात्र फिसकटतो. मोठी ठेवली तर सूर नीट, पण कधी ते न्हाई सांगता येत. दोन्ही एकदम भेटत न्हाई, भाऊ!" यावर आतून अक्का म्हणायच्या, "खिडकी ऱ्हाऊ द्या, दार उघडा. दूधवाला कवाचा उभाय!"

परवा गेलो, तर साडूभाऊ ओसरीत पेपर वाचत होते, मोबाईल समोर तांब्याला टेकवलेला. आतून अक्कांनी हाक मारली, "अवंऽऽऽऽ!" एवढी लांबलचक, की मीच दचकलो. एरवी तोंडातल्या तोंडात बोलणारी बाई! साडूभाऊंच्या कानावर काही गेलं नाही. पण मोबाईलकडे नजर गेली, चेहरा खुलला, आणि ते लगबगीनं आत निघाले.

मागून चहा घेऊन आलेल्या अक्कांना मी हळूच विचारलं, "एवढी ताणून कशाला मारता हाक? तशीही ऐकू येत नाही ना?"

"न्हाई येत," त्या म्हणाल्या. "पण लांबवली की रेघा ठसठशीत उमटत्यात म्हणं. मग दुसऱ्या कुनाची न्हाई, माझीच हाय, एवढं कळतं त्यांना."

अक्का कप ठेवून आत गेल्या, साडूभाऊ पुन्हा ओसरीत पेपर घेऊन बसले. चहा तसाच निवत राहिला, आणि आतून पुन्हा एकदा "अवंऽऽऽऽ" आलं.