आईचे निरोप मिटवणारे रेणू

भारनियमनाची वर्षं होती. नाशिकच्या ज्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होते, तिथली अंडी उबवायची पेटी दिवसातून दोनदा गार पडायची. कोंबडीच्या गर्भाचं प्रात्यक्षिक तर तोंडावर आलेलं. शेवटी मी डझनभर फलित अंडी घरी आणली आणि शालीत गुंडाळून, गरम पाण्याच्या पिशवीला टेकवून माझ्या कपाटात लपवली. आमच्या घरात तोवर अंडं कधी शिरलं नव्हतं. आईनं विचारलंच तर 'कॉलेजचं सामान आहे' म्हणायचं ठरवलं होतं. तिशीला टेकलेली बाई मी, आणि लपवाछपवी करत होते! माझा मलाच राग यायचा.

आणखीही एक गोष्ट लपवत होते. पुण्याहून पीएचडीसाठी बोलावणं आलं होतं. विषय होता गर्भाच्या वाढीतले मायक्रोआरएनए. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. 'मला एकटीला टाकून जाणार?' हे आईचं वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ती ते खरंच कधी म्हणाली होती का, याचा मी विचारच केला नाही. त्या दोन खोल्यांत माझा जीव घुसमटायचा, आणि पत्राचं नाव काढायला तोंड उघडायचं नाही.

उत्तर कळवायची मुदत संपली. दुसऱ्या दिवशी घरी आले तर आई कपाटासमोर बसून पिशवीत गरम पाणी भरत होती.

"दुपारी गार होते गं ही. मीच बदलते रोज," ती म्हणाली. "काय शोधता तुम्ही कॉलेजवाले या अंड्यांत?"

मी ओशाळून सांगत गेले. सुरुवातीला गर्भ आईनं अंड्यात भरून ठेवलेल्या निरोपांवर चालतो. मग त्याचे स्वतःचे निरोप सुरू होतात, आणि मायक्रोआरएनए नावाचे चिमुकले रेणू आईचे जुने निरोप हुडकून मिटवायला लागतात. माशांमध्ये हे नुकतंच दिसून आलं होतं.

"आणि नाही मिटवले तर?"

"गर्भ वाढतो, पण मेंदू धड घडत नाही."

आईनं पिशवीचं बूच घट्ट आवळलं. "पुण्याचं पत्र वाचलंय मी. तुझ्या वहीत होतं. काल मुदत संपली ना?"

"मग बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"वाट बघत होते, तू सांगशील म्हणून," आई म्हणाली. "मग वाटलं, तुलाच जायचं नाहीये."