संध्याकाळचा थेंब

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, बहिणीला नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा गुळमुळीतच बोलले. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

तसं माझं बरं चाललंय हं. नाशकात मुलाचा फ्लॅट, सकाळी उन्हात खुर्ची, भाजीवाल्याशी हुज्जत घालायला आवाज अजून शाबूत. उजव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही, एवढंच. काचबिंदू — डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि नजर कडेकडेने जात राहते.

त्यावर दिवसातून दोन वेळा थेंब. सकाळचा माझी सून टाकायची, सोनल — ऑफिसला निघता निघता, पर्स खांद्याला. संध्याकाळचा, ती यायच्या आधी, माझी मी. आणि तो मेला थेंब घशात उतरायचा, कडूजहर! सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी — माझे उपास भरपूर. उपासाच्या दिवशी घशात औषध कशाला? उपासाला औषध चालतं, हे काय मला माहीत नव्हतं? पण निमित्त मिळालं. मग बिनउपासाचे दिवसही सुटू लागले. बाटली वेळेवर संपलेली दिसावी म्हणून — सांगायला लाज वाटते — मी बेसिनमध्ये थेंब पिळायचे. तपासणीच्या आधी आठवडाभर मात्र शहाण्यासारखी रोज टाकायचे. प्रेशर छान यायचं!

एकदा डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "इथे प्रेशर चांगलं येतं, पण नजर आणखी कमी झालीय. मधल्या दिवसांत ते वर-खाली होत असणार. थेंब चुकतात का?"

खरं बोलायला काय जात होतं? पण मुलगा आणि सोनल, दोघं शेजारी बसलेले. आणि माझ्या तोंडून निघालं, "माझे नाही हो चुकत. सकाळचे सोनल टाकते, तिची घाई — गालावरच ओघळतात."

मुलाने तिच्याकडे असं पाहिलं — बाई गं! दुसऱ्या दिवशी बघते तर ती आरशासमोर उभी, रिकाम्या बाटलीत पाणी भरून स्वतःच्याच डोळ्यात थेंब टाकतेय. हात बसावा म्हणून. मी दारातून पाहिलं आणि चहा ठेवायला गेले.

तेव्हापासून दोन्ही वेळचे तीच टाकते, त्यासाठी संध्याकाळी लवकर घरी येते. प्रेशर आता स्थिर आहे. गेलेली नजर काही परत येत नाही. परवा डॉक्टरांनी तिचं कौतुक केलं. परतताना रिक्षात तिने माझा हात धरला.

"आई, आधीचं माझ्यामुळेच गेलं ना?"

मी म्हणाले, "जाऊ दे गं. झालं गेलं गंगेला मिळालं."

तिचे डोळे भरून आले. "तुमचं मन फार मोठं आहे," म्हणाली. आणि मी ते ऐकून घेतलं.