मुंग्यामास्तरांची सही

एखाद्या चित्राला कुणी 'सुंदर' म्हटलं की आमच्या शाळेच्या ड्रॉइंगमास्तरांचं तोंड कडू व्हायचं. पोरांनी मेहनतीनं काढलेला गुलाब ते हात लांब करून बघायचे आणि म्हणायचे, "लई गोड झालाय. मुंग्या लागतील." त्यावरून पोरांनी त्यांना मुंग्यामास्तर करून टाकलं. मुंबईला जाऊन चित्रकला शिकून आले होते, पण बोलणं त्यांच्या मंद्रूप गावचं ते गावचंच राहिलं.

मी त्याच शाळेत गणित शिकवायचो आणि शुक्रवार पेठेत आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. भिंतीवर त्यांनी विलायती मासिकातलं एक चित्र चिकटवलं होतं. बाईचा चेहरा, पण कुऱ्हाडीनं तासल्यासारखा. गाल हिरवा, एक डोळा समोर तर दुसरा भलतीकडेच. घरमालकीणबाई कळवळून म्हणाल्या, "मास्तर, आमची सून गरोदर आहे. असलं तोंड येता-जाता दिसलं तर पोर कसं निपजायचं?" मास्तर म्हणाले, "पोर तुमच्या लेकावर गेलं तर मला बोल लावू नका, म्हंजे झालं." मला मात्र ते मनापासून समजावत. "गणितमास्तर, माणूस दिसतो कसा ते फोटोवाला दाखवतोय की. त्यानं सोसलं काय, ते कुणी दाखवायचं? तिकडं आता तेच चाललंय." मला निम्मं कळायचं नाही, पण ऐकत बसावंसं वाटायचं.

त्या काळी आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं तैलचित्र करवून घ्यायची हौस आली होती. फोटो नसला तरी अडत नसे. चित्रकार मुलाचं तोंड बघून आईचं तोंड काढी आणि वर शालू, नथ, मोत्याच्या कुड्या चढवी. हयातीत न झालेले दागिने बाईला मेल्यावर मिळत. शाळेच्या अध्यक्षांची आई वारली, तेव्हा सभागृहात लावायचं तिचं चित्र मास्तरांकडे आलं. म्हातारी मंद्रूपचीच. लोकांची दळणं दळून तिनं मुलाला वकील केलं होतं. मास्तरांनी लहानपणी तिच्या हातची भाकरी खाल्ली होती.

पावसाळाभर मास्तर त्या चित्राला भिडले होते. चित्रात जातं होतं आणि त्याच्या खुंट्यावर चेहऱ्याहून मोठाले हात. चेहरा काळ्या ढेकळांनी रचलेला. खरं सांगतो, आधी मला ते भेसूर वाटलं. मग बघता बघता माझेच खांदे दुखायला लागले.

अध्यक्ष चित्रापुढे लालबुंद झाले. "माझ्या आईनं लोकांची दळणं दळली, हे आता भिंतीवर टांगायचं?"

"गावाला ठाऊकच हाय की, साहेब," मास्तर म्हणाले. "तुमीच तेवढं विसरला."

अध्यक्षांनी चित्र उचलून नेलं आणि नाटक कंपनीचे पडदे रंगवणाऱ्या एका पेंटरकडे दिलं. त्यानं जात्यावर चौरंग रंगवला, हात शालूत गडप केले आणि अध्यक्षांना समोर बसवून त्यांचंच तोंड म्हातारीला दिलं. सभागृहात लागले ते नथ घातलेले अध्यक्ष! कोपऱ्यातली मास्तरांची सही मात्र शाबूत होती.

मास्तर अध्यक्षांच्या घरी गेले, मी बरोबर होतो. हात जोडून म्हणाले, "चित्र गेलं ते गेलं. माजं नाव तेवढं पुसा."

"छे, छे! श्रम तुमचे, तर मान कुणाचा?" अध्यक्ष म्हणाले. त्या औदार्याची मला आजही शिसारी येते.

मास्तरांनी शाळा सोडली आणि सांगोल्याला भावाकडे जाऊन राहिले. पुन्हा ब्रश हातात धरला नाही. मी गेलो की प्रकृतीचं काही सांगायच्या आधी विचारायचे, "पुसली का हो सही?" चाळिशी गाठायच्या आतच गेले.

शोकसभा शाळेनंच घेतली. अध्यक्ष गहिवरून बोलले, भिंतीकडे हात करून म्हणाले, "त्यांच्या कलेचा हा ठेवा आपल्यापाशी आहे." लोकांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही. मी उठून ओरडलो, "हे चित्र मास्तरांचं नाही!"

पुढच्या रांगेतले एक सभ्य गृहस्थ उठले, चित्रापाशी गेले, चष्मा सावरून त्यांनी कोपरा वाचला आणि मला समजुतीच्या सुरात म्हणाले, "नाव तर त्यांचंच आहे की हो."